भिंगरीचे जंत

कोकरू सकाळपासून उजवीकडेच फिरत होतं. मान एका खांद्यावर कलती टाकून ते स्वतःभोवती गिरकी घेई, दगडाला धडके, जरा थांबे आणि पुन्हा उजवीकडे वळे. बाकीचा कळप माळाच्या उतारावर चरत पार खाली गेला, तरी त्याला पत्ता नव्हता.

दादाने जाऊन त्याला उचललं. कपाळावरून अंगठा फिरवला तर शिंगाच्या जागेपाशी हाड मऊ लागलं, पिकल्या फळासारखं. या मोसमातलं हे कितवं, हे त्याने मोजायचं सोडून दिलं होतं.

"भिंगरे! वळव त्यांना!" त्याने खालच्या कळपाकडे बघून हाक दिली.

भिंगरी कुत्री एका खडकावर बसली होती. काळी, छातीवर पांढरा पट्टा, एक कान उभा आणि एक पडका. तिने दादाकडे पाहिलं, शेपूट एकदा जमिनीवर आपटली आणि मान फिरवून उताराच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली. तिथे धाकटी उभी होती. धाकटीने दोन बोटं तोंडात घालून बारीक शीळ घातली. भिंगरी खडकावरून सुटली ती बाणासारखी. बघता बघता कळपाला वळसा पडला आणि सगळी मेंढरं पाणवठ्याकडे वळली.

दादा हातात कोकरू घेऊन तसाच उभा राहिला.

दादा म्हणजे घरातला थोरला मुलगा. सगळे त्याला दादाच म्हणत, त्याचा म्हातारा बापसुद्धा. धाकटा भाऊ ट्रकवर असायचा, महिनोन्‌महिने बाहेर. त्याने लग्न करून बायको, म्हणजे ही धाकटी, घरी आणून ठेवली आणि तो पुन्हा ट्रकवर गेला. चार भिंतींत बसून ती काय करणार? एक दिवस ती काठी घेऊन कळपामागे आली, आणि मग रोजच येऊ लागली. माहेरी मेंढ्याच होत्या, तेव्हा तिला काही शिकवावं लागलं नाही. आणि भिंगरी? भिंगरीला दादाने दूरच्या वस्तीवरून कोटाच्या आत छातीशी धरून आणलं होतं, डोळेही नीट उघडले नव्हते तेव्हा. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवली होती. ती आता धाकटीच्या शिळेवर नाचत होती. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

*

कोकरू संध्याकाळपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी आबाने, म्हणजे म्हाताऱ्याने, गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. बाई तरुण होत्या, पायात रबरी बूट. मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर गोणपाट टाकून त्यांनी कोकराची कवटी करवतीने उघडली. आत मेंदूला चिकटून पाण्याची एक पिशवी होती, अंड्याएवढी, पातळ पडद्याची. पडद्याला आतून खसखशीएवढे पांढरे पुंजके लागले होते.

"कुत्री आहे ना तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"रोग मेंढ्यांना आणि चौकशी कुत्रीची?" दादा म्हणाला.

"मेलेल्या मेंढीची मुंडी कुणाला घालता?"

"तिलाच. फेकून द्यायची का मग?"

"हे पांढरं दिसतंय ना, ते कुत्रीच्या पोटात गेलं की त्याचे जंत होतात. चपटे, फितीसारखे, हातभर लांब. त्यांची अंडी तिच्या विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत कोकरानं खाल्लं की अंडी पोटातून रक्तात, रक्तातून डोक्यात. मग ही पिशवी. मग कोकरू मरतं आणि तुम्ही मुंडी पुन्हा कुत्रीला घालता."

"रहाटगाडगंच की हे," आबा म्हणाला.

बाईंनी भिंगरीला जवळ घेऊन शेपूट वर केली. केसांना काकडीच्या बियांसारखे चपटे पांढरे तुकडे चिकटले होते. एक तुकडा वळवळत होता. दादाने मान फिरवली. कुत्रीला खाजवताना, थोपटताना, आपल्या हाताला हे लागलं असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तळवा पँटीला पुसला.

"हात धुवा, साबणाने," बाई म्हणाल्या. "यांचे काही भाऊबंद माणसालाही लागतात."

मग त्यांनी पिशवीतून गोळ्या काढल्या. भिंगरीला काट्यावर तोललं, वजनाप्रमाणे गोळ्या मोजल्या आणि दादाच्या हातावर ठेवल्या. "द्या, माझ्यासमोर द्या. पोटात गेली याची खात्री झाली पाहिजे."

दादाने भिंगरीचा जबडा धरला. ती मागे सरकली. त्याने ओढली. गोळी जिभेवर टाकून तोंड मिटवलं, तशी तिने ती ओठाच्या फटीतून पायाशी टाकली. पुन्हा घातली. पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा त्याने बोटं जरा आत खुपसली तर तिने दात लावले. फार नाही, पण रक्त आलं. ज्या कुत्रीला बोळ्याने दूध पाजलं, ती चारचौघांत त्याला चावली.

"दादा, मी बघू का?" धाकटी हळूच म्हणाली.

ती उकिडवी बसली. भिंगरीला गुडघ्यांमध्ये घेतलं, एका हाताने वरचा जबडा उचलला, गोळी जिभेच्या पार मुळाशी ठेवली, तोंड मिटून नाक वर धरलं आणि गळ्यावरून बोटं फिरवत राहिली. भिंगरीने गिळलं आणि नाक चाटलं.

"वा!" बाई म्हणाल्या. "हे काम हिच्याकडेच राहू द्या. ऐक गं. दोन दिवस बांधून ठेवायची. जे काही पडेल ते उचलून खोल पुरायचं. मेंढी मेली तर मुंडी जाळायची नाहीतर चुना टाकून पुरायची, कुत्रीच्या तोंडाला लागता कामा नये. आणि लक्षात ठेव, गोळी आत असलेले जंत मारते. पुढचे अडवत नाही."

सगळं धाकटीला सांगत होत्या. दादा बोटावर फडकं गुंडाळत बाजूला उभा होता, परक्याच्या लग्नात उभं राहावं तसा.

रात्री जेवताना त्याचं मन ताटात नव्हतं. बायकोने पाहिलं. ती काही बोलायची राहणारी नव्हती.

"कुत्रीच्या पोटात जंत," ती म्हणाली, "आणि दुखतंय तुमच्या पोटात."

"तोंड सांभाळ."

"मी सांभाळते हो. तुम्ही बोट सांभाळा."

*

भिंगरी दोन दिवस खुंट्याला बांधलेली होती. धाकटी फावडं घेऊन तिच्या मागेपुढे. पडलं की उचललं, खड्ड्यात टाकलं, वर माती लोटली. ती कळपामागे गेली की भिंगरी साखळी ताणून कण्हत बसे. दादा समोरून गेला तरी कान हलत नसे. एकदा त्याने दुधाची वाटी पुढे ठेवली. तिने वास घेतला, दोन घोट प्यायली आणि पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसली.

आठवड्याभराने वर्षभराचं एक मेंढरू फिरायला लागलं आणि पडलं. आबा दादाला म्हणाला, "मुंडी खाणीत नेऊन जाळ. रॉकेल घेऊन जा."

जुनी दगडाची खाण माळाच्या मागे होती. कुणी जात नसे तिकडे. दादा मुंडी गोणपाटात गुंडाळून, रॉकेलचा डबा घेऊन, खांद्यावर पहार टाकून निघाला. मागे बघतो तो भिंगरी येत होती. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्या मागून चालत होती, रक्ताच्या वासावर का होईना.

खाणीत उतरून त्याने गोणपाट उलगडलं. भिंगरी समोर बसली. दोन्ही कान पुढे, अगदी पडकासुद्धा. डोळे फक्त त्याच्यावर. किती दिवसांनी तिने असं पाहिलं! तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि शेपूट धुळीत पंख्यासारखी फिरत होती.

दादाने रॉकेलचा डबा हातात घेतला. मग खाली ठेवला. एवढ्यानं काय होतंय, तो स्वतःशी म्हणाला. आपल्या बापजाद्यांनी मुंड्याच घातल्या कुत्र्यांना. पुस्तकातलं सगळं खरं असतं का? पण हे म्हणताना त्याने चहूकडे एकदा पाहून घेतलं, आणि त्यावरून त्याला स्वतःलाच कळलं की आपण काय करतोय ते आपल्याला माहीत आहे.

पहारीचा एक घाव. कवटी फुटली. भिंगरीने सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि मग येऊन त्याच्या मांडीवर हनुवटी टेकली. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. खाणीत वारा नव्हता. बराच वेळ दोघं तशीच बसून राहिली. घरी जाऊन त्याने हात साबणाने धुतले, दोनदा.

त्यानंतर मेलेल्या प्रत्येक मेंढराच्या मुंडीचं काम दादाने आपणहून अंगावर घेतलं. आबाला वाटलं, पोरगा कामाला लागला. भिंगरी संध्याकाळ झाली की दादाच्या पायाशी येऊन बसू लागली. हातात गोणपाट दिसलं की उड्या मारी. धाकटी एकदा फाटकात उभी राहून शीळ घालत होती आणि भिंगरी दादाच्या मागून खाणीकडे चालली होती. दादाने वळून पाहिलं. धाकटीचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी तो जेवला भरपेट.

*

दीडेक महिना गेला असेल. धाकटी सकाळी मेंढवाडा झाडत होती. एकदम तिने हाक मारली, "आबा, इकडे या."

भिंगरीच्या विष्ठेत पांढरे तुकडे होते. ताजे, वळवळणारे.

आबा काठी टेकत आला. बघितलं. काठीच्या टोकाने एक तुकडा उलटा केला. "गोळी दिली होतीस ना तू?"

"तुमच्यासमोर दिली, आबा."

"मग हे काय आहे?"

"बांधून ठेवली होती. सगळं पुरलं मी. एक कण ठेवला नाही बाहेर."

"गोळी गालात धरून ठेवली असेल तिने, मागून टाकली असेल," दादा भिंतीला टेकून म्हणाला. "बघायला हवं होतं. घाई असते ना काहींना, वाहवा मिळाली की."

धाकटीने एकदा दादाकडे पाहिलं. फावडं तिच्या हातात होतं, त्याच्या दांड्यावर तिची बोटं पांढरी पडली होती. दुपारी ट्रकवरून नवऱ्याचा फोन आला. आबाने त्याला सगळं सांगितलं होतं. धाकटी चुलीपाशी पाठमोरी उभी राहून नुसतं "हो" आणि "नाही" म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि धुराचं निमित्त केलं. चूल तर पेटलेली नव्हती.

दादाला हे सगळं दिसलं. आत कुठेतरी गार वाटलं त्याला. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. पण पाणी पिऊन झाल्यावर जी तहान राहते, तीही राहिली.

आबाने पुढच्या गोळ्यांचं काम दादाकडे दिलं. या खेपेला दादाने धाकटीचंच बघून ठेवलेलं केलं. गुडघ्यांत घेतली, जिभेच्या मुळाशी गोळी, गळ्यावरून बोटं. भिंगरीने गिळलं. बांधली, पुरलं, सगळं नीट. त्याने मनाशी ठरवलं, बस झालं. आता कुत्री आपल्या हातात आली. मुंड्या बंद.

दोन दिवसांनी त्याने साखळी सोडली. भिंगरीने अंग झाडलं, त्याला ओलांडून गेली, आणि पाणवठ्यावरून घागर घेऊन येणाऱ्या धाकटीच्या अंगावर दोन पाय टाकून उभी राहिली. घागर हिंदकळली. धाकटी भिजली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "अगं वेडे, अगं हो, हो..."

दादा हातात मोकळी साखळी घेऊन उभा होता. पुढचं मेंढरू मेलं, तेव्हा त्याने पहार घेतली आणि भिंगरीला हाक मारली.

*

पुन्हा तुकडे दिसले, तेव्हा कुणी कुणावर ओरडलं नाही. आबा बराच वेळ मेंढवाड्याच्या पायरीवर बसला. तो आयुष्यभर कळपामागे चाललेला माणूस. गुडघे गेले होते, पण रोज सकाळी कळप बाहेर पडताना तो प्रत्येक जनावराच्या पाठीवर हात ठेवत असे.

"दोघांनी गोळ्या दिल्या," तो शेवटी म्हणाला. "दोघांच्या हातून झालं नाही. म्हणजे कुत्रीच खोटी. तिच्या आत रोगाने घर केलंय. कळप ठेवायचा की कुत्री, एवढंच राहिलं. दादा, दवाखान्यात ने तिला. सुई द्यायला सांग बाईंना. झोपेत जाईल."

दादा पुढे झाला. "आबा, आणखी एकदा बघू..."

"किती कोकरं घालवू बघता बघता?"

आबाने स्वतःच्या हाताने दोरी भिंगरीच्या गळ्यात बांधली आणि टोक दादाकडे दिलं. त्याने ते घेतलं. तोंड उघडलं तर सगळं बाहेर येणार होतं, म्हणून तोंड उघडलं नाही. आणि खरं सांगायचं तर, पायरी उतरताना एक विचार त्याच्या मनाला चाटून गेला: माझी नाही तर नाही, धाकटीचीही राहणार नाही. त्या विचाराने तो स्वतःच दचकला.

"मी येते," धाकटी मागून म्हणाली. तिने चपला घातल्या होत्या. "सुई देताना धरायला कुणीतरी लागेल."

माळावरून तिघं निघाली. वारं सुटलं होतं, गवत एका बाजूला झोपलं होतं. भिंगरी मजेत होती. दोरीला ओढ देत पुढे, मध्येच थांबून तितर उठवत. धाकटी चार पावलं मागून चालत होती.

जिथे दवाखान्याची वाट सरळ जाते आणि खाणीची पायवाट डावीकडे फुटते, तिथे भिंगरी डावीकडे वळली. दादाने दोरी खेचली. तिने चारही पाय रोवले. त्याने जोर लावला, तशी ती मान वाकवून फासातून मागे सरकली, मोकळी झाली आणि पायवाटेने धूम पळाली.

"भिंगरे! अगं ए!" दादा ओरडला. "तू थांब इथे," तो धाकटीला म्हणाला, "मी आणतो."

पण धाकटी निघालीही होती.

खाणीत पोचेपर्यंत त्याला धाप लागली. भिंगरी तिच्या नेहमीच्या जागी बसली होती, एका सपाट दगडासमोर. दोन्ही कान पुढे, तोंडाला लाळ, शेपूट धुळीत फिरती. दगडावर पहारीच्या घावांचे पांढरे ओरखडे होते. आजूबाजूला फुटक्या कवट्या पडल्या होत्या, काही जुन्या, चाटून गुळगुळीत झालेल्या, काहींना अजून केस होते. रॉकेलचा डबा कडेला होता, गच्च भरलेला.

धाकटी सावकाश खाली उतरली. एक कवटी पायाने उलटी केली. डब्याचं झाकण उघडून पाहिलं. परत लावलं.

"जाळत होता तुम्ही," ती म्हणाली.

दादाने हातातली दोरी खाली टाकली.

"मला वाटलं, माझ्याच हाताला गुण नाही. बोलणी खाल्ली मी, दादा. तिकडून यांची, इकडून आबांची. झोप लागायची नाही, कुठे चुकलं, कुठे चुकलं म्हणून. आणि तुम्ही भिंतीला टेकून..." तिचा आवाज फाटला. "का पण?"

"माझी होती ती," दादा म्हणाला. बोलताना त्यालाच ऐकू आलं, की हे खेळण्यावरून भांडणाऱ्या पोराचं बोलणं आहे. पण दुसरं काही कारण नव्हतंच.

"तुम्हाला बायको आहे, बाप आहे, सगळं घर दादा दादा करतं. मी आल्यापासून या घरात माझ्या हाकेला ओ देणारी ही एकटी." तिने नाक पुसलं. "तीही खुपली तुमच्या डोळ्यांत."

भिंगरी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. कुणी काही देत नाही म्हणून तिने बारीक आवाज काढला.

"मी घरी काही सांगणार नाही," धाकटी म्हणाली. "सांगायचं तर तुम्ही सांगा. पण ही दवाखान्यात जाणार नाही. तेवढं मी बघते." तिने दोरी उचलली आणि भिंगरीला घेऊन खाणीबाहेर पडली.

दादा मागे राहिला. त्याने कवट्या गोळा केल्या, एकावर एक रचल्या, रॉकेल ओतलं आणि काडी लावली. केस जळल्याचा वास नाकात शिरला. जाळ शमेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग घरी गेला आणि आबासमोर उभा राहून, बायकोच्या देखत, सगळं सांगितलं. मधे मधे थांबून, पण गाळलं काही नाही.

बायकोने डोक्यावर हात मारला. आबा ऐकत होता. त्याने रागावून बोलावं, काठी उगारावी, असं दादाला वाटत होतं. म्हाताऱ्याने काठी उगारली नाही. दाराशी टेकवलेली दादाची स्वतःची काठी, कळपापुढे चालायची, ती उचलली आणि धाकटीच्या हातात दिली.

"उद्यापासून तू पुढे," तो म्हणाला. "हा मागून येईल. लंगडी आणि दुखणाईत गोळा करत."

*

भिंगरीला पुन्हा गोळ्या दिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुत्री खोटी नव्हती ना? मला तेच कळत नव्हतं." नंतर दोनदा त्यांनी विष्ठा तपासली, स्वच्छ निघाली. पण बाईंनी हेही सांगितलं, की जे गवतावर पडून गेलं ते गेलं. त्यातलं काही कोकरांच्या पोटात असेल. ते आज दिसणार नाही. थांबून थांबून दिसेल.

दादा कळपाच्या मागून चालू लागला. धूळ सगळी त्याच्या तोंडावर येई. वस्तीवरचे लोक विचारत, "काय दादा, इंजिनाचा डबा झालात की!" तो हसून साजरं करी. धाकटी पुढून शीळ घाली आणि भिंगरी वाऱ्यासारखी त्याच्या बाजूने जाई, तेव्हा त्याला अजूनही झोंबे. ते काही गेलं नाही. गोळीने जावं असं ते दुखणं नव्हतं.

थंडी सरत आली तेव्हा एक कोकरू कळपातून वेगळं पडलं. मान कलती, फेरा उजवीकडे. दादाने ते आधी पाहिलं. मग आबाने पाहिलं. आबा दादाकडे बघून राहिला आणि घरात गेला.

कोकरू दोन दिवसांनी गेलं. दादाने ते खांद्यावर घेतलं, चुन्याची पिशवी काखेत मारली, फावडं आणि पहार हातात घेतली. फाटकापाशी येतो तो भिंगरी उठून उभी राहिली. कान पुढे. तिला वास आला होता. ती त्याच्या मागे निघाली, शेपूट हलवत, जुन्या दोस्तासारखी. त्याने पाय आपटला. ती थांबली आणि पुन्हा निघाली. त्या डोळ्यांत पूर्वीचीच सगळी माया होती.

धाकटी मेंढवाड्यात दूध काढत बसली होती.

"अगं," दादा म्हणाला. तिच्याशी सरळ बोलायची सवय अजून पडली नव्हती. "जरा इकडे ये."

ती हात पुशीत आली.

"हिला धर," तो म्हणाला. "घट्ट धर. मी पुरून येईपर्यंत सोडू नको."

धाकटीने भिंगरीच्या गळ्यातल्या पट्ट्यात बोटं घातली आणि तिला गुडघ्याशी ओढून घेतलं. भिंगरीने थोडी ओढ दिली. मग धाकटीच्या मांडीवर अंग टाकून ती बसली आणि तिने तिचा हात चाटला. दादाने ते पूर्ण पाहिलं. छातीत जे व्हायचं ते झालं. मग खांद्यावरचं कोकरू सावरून तो माळाकडे वळला आणि खणायला कुठे माती मऊ लागेल ते बघत चालू लागला.